चिखलांतलें चाक आणि गाडीची निवड

नवी मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घराघरांत चर्चेला ऊत येतो. रंग कोणता असावा, माणसें किती बसावींत, इंधन कोणतें परवडेल, या प्रश्नांवर लहानथोर सारेच आपापलें मत मांडतात. कारण हे प्रश्न सर्वांच्या नित्य अनुभवांतले असतात. परंतु मनांत भरलेली गाडी जर चारही चाकांना जोर पुरविणारी, आडवाटेनें जाणारी अशी असेल, तर माहितीपत्रकांत एक शब्द भेटतो आणि चर्चा एकदम थांबते. तो शब्द म्हणजे 'लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल'. गाडीच्या एका प्रकारांत तें आहे, दुसऱ्यांत नाहीं. ज्यांत आहे त्याची किंमत जास्त. विक्रेता म्हणतो, "याच्यावांचून ही गाडी घेण्यांत अर्थ नाहीं." शेजारचे अनुभवी गृहस्थ म्हणतात, "सारी हौस आहे. आमचें कधीं अडलें नाहीं." दोघेही आपापल्या परीनें खरें बोलत असण्याचा संभव आहे. मग घेणाऱ्यानें निर्णय करावा तरी कसा?

या निर्णयांत केवळ पैशाचाच प्रश्न गुंतलेला नाहीं. आषाढांतल्या रात्रीं, म्हातारी माणसें व मुलें गाडींत असतां, बागेकडे चढणाऱ्या वाटेवर एक चाक गरागरा फिरूं लागलें आणि गाडी जागची हालेना, तर त्या वेळीं या लहानशा यंत्राचें मोल कळतें. उलटपक्षीं, आपल्या गाडींत असें यंत्र आहे या भरंवशावर जो गृहस्थ नको त्या उतारावर गाडी घालतो, त्याच्यावर येणारा प्रसंग याहूनही कठीण असतो. तेव्हां हें यंत्र काय करतें आणि काय करूं शकत नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं समजून घेणें हिताचें आहे. त्यासाठीं इंजिनिअर असण्याची मुळींच जरुरी नाहीं.

प्रथम साधें डिफरन्शियल म्हणजे काय तें पाहूं जातां त्याचें मूळ वळणांत सांपडतें. लेझीम खेळणाऱ्या मुलांची रांग चौकांत वळते, तेव्हां आंतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पावलें टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला मात्र धांवावें लागतें. गाडीच्या चाकांचेंही असेंच आहे. डाव्या व उजव्या चाकांमध्यें १.४ मीटर अंतर आहे असें धरलें, तर गाडीनें एक पुरें वर्तुळ घेतांना बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां जवळजवळ ८.८ मीटर अधिक चालतें. बैलगाडीला याची अडचण पडत नाहीं, कारण तिचीं चाकें आसावर मोकळीं फिरतात व ओढण्याचें काम बैल करतात. मोटारींत मात्र चाकांनींच गाडी ढकलावयाची असते. दोन्ही चाकें एकाच दांड्याला पक्कीं जखडलीं, तर प्रत्येक वळणावर एकाला घासटत जावें लागेल. टायर झिजतील, दांड्याला पीळ बसेल आणि गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरील.

या अडचणीवर तोड म्हणून दोन चाकांच्या मध्यें दंतचक्रांची एक जुळणी बसवितात. इंजिनाचा जोर ती दोन्ही चाकांना पोंचविते, परंतु त्यांच्या वेगांत फरक पडूं देते. आजच्या मोटारींतील या जुळणीचें मूळ ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराकडे नेतात. त्यानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठीं तिचें पेटंट घेतलें. पुढें मोटारी आल्या, त्यांचा वेग व सामर्थ्य वाढलें, तरी ही कल्पना जवळजवळ दोन शतकें टिकून राहिली. जिच्या योगानें गाडी वळणावर सुखानें वळते, त्या वस्तूला दोष द्यावा असें कोणाच्याही मनांत येणार नाहीं.

परंतु तिच्यांत एक दोष आहे, आणि तो तिच्या गुणाच्याच पोटीं जन्मलेला आहे. साधें डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेग निराळा देऊं शकतें, पण जोर मात्र नेहमीं सारखाच देतें. हें नीट ध्यानांत येण्यासाठीं बैलांच्या जुवाकडे पाहावें. गाडीच्या दांडीला जू मधोमध दोरानें बांधलेलें असतें. दोन्ही बैल सारखे ओढत असतील, तर जू आडवें सरळ राहतें. एकानें अंग टाकलें कीं जू तिरपें होतें आणि दुसऱ्या बैलाच्या अंगांत कितीही बळ असलें तरी तें दांडीपर्यंत पोंचत नाहीं. सशक्त बैलाची ओढ अशक्त बैलाच्या ओढीइतकीच उपयोगांत येते. साध्या डिफरन्शियलमध्यें हेंच घडतें. डावें चाक चिखलांत व उजवें कोरड्या मुरमावर असलें, तर चिखलांतल्या चाकाला जेवढी पकड मिळते तेवढाच जोर मुरमावरच्या चाकालाही मिळतो. चालकानें इंजिन कितीही खवळविलें तरी चिखलांतलें चाक तेवढें अधिक वेगानें फिरतें. चांगल्या जमिनीवरचें चाक स्वस्थ उभें असतें.

थोड्या आंकड्यांनीं हें अधिक स्पष्ट होईल. गाडी माणसांसकट १,८०० किलो वजनाची असून प्रत्येक चाकावर ४५० किलो भार आहे असें समजावें. दहांत एक अशी चढण आहे. म्हणजे केवळ चढण्यासाठीं १८० किलो वजनाइतकी ओढ हवी. चिखलाचा अडथळा तोडण्यास आणखी ९०. एकूण गरज २७० ची. आतां गाडीचीं डावीं दोन्ही चाकें चिखलांत आहेत आणि चिखल भाराच्या एक दशांशच पकड देतो. तेव्हां त्या प्रत्येक चाकाची शक्ति ४५. उजवीं चाकें कठीण मुरमावर, तेथें पकड भाराच्या सहा दशांश. म्हणजे प्रत्येकाची शक्ति २७०. पाहा, उजवें एक चाक एकटेंच गाडी वर नेण्यास पुरेसें आहे. परंतु साध्या डिफरन्शियलमुळें त्याला ४५ च्या पुढें जोर मिळत नाहीं. फक्त मागचीं चाकें चालत असतील, तर ४५ व ४५ मिळून ९०. चारही चाकें चालविलीं, तर चौपट ४५, म्हणजे १८०. गरज २७० ची. गाडी जागची हालत नाहीं. 'फोर व्हील ड्राइव्ह' घेऊनही आपली गाडी अडते कशी, या अनेकांच्या कोड्याचें उत्तर येथें आहे. पुढचा व मागचा दांडा जोडला गेला, तरी प्रत्येक दांड्यावरची डावी-उजवी वांटणी तशीच राहते.

या दोषावर तीन उपाय निघाले आहेत, आणि बाजारांत सारा गोंधळ होतो तो या तिघांचीं नांवें एकमेकांत मिसळल्यामुळें.

पहिला उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक. यांत दोन्ही चाकें तात्पुरतीं एकमेकांस पक्कीं जखडलीं जातात. जणूं जू दांडीला दोन्ही टोकांकडून आवळून बांधलें. मग एक बैल बसला तरी दुसऱ्याचें सर्व बळ कामास येतें. वरील उदाहरणांत मागच्या दांड्याला लॉक लावलें, तर ४५ व २७० मिळून ३१५, आणि पुढच्या चाकांचे ९०, एकूण ४०५. गाडी सहज चढून जाते.

दुसरा उपाय म्हणजे खरेंखुरें लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे घसरणीला मर्यादा घालणारें. हें चाकांना जखडीत नाहीं. एक चाक फार पळूं लागलें कीं त्याला आंतून आवर घालतें आणि त्या प्रमाणांत दुसऱ्या चाकाकडे जास्त जोर वळवितें. कांहीं रचनांत हा आवर घासपट्ट्यांच्या चकत्या घालतात, कांहींत तिरप्या दांत्यांचीं चक्रें. या यंत्राचा जन्म आडवाटेवर झालेला नाहीं, शर्यतीच्या रस्त्यावर झाला. जर्मनींत ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांचें एक मागचें चाक प्रचंड शक्तीमुळें भरवेगांतही सुटून फिरे. म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनीं १९३५ सालीं झेड्एफ् या कारखान्याकडून असें डिफरन्शियल करवून घेतलें. सामान्य गिऱ्हाइकांच्या मोटारींत तें अमेरिकेंतील स्टूडबेकर-पॅकार्ड कंपनीनें १९५६ सालीं आणलें. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकानें १९५८ सालीं पेटंट घेतलेली 'टॉर्सन' ही तिरप्या दांत्यांची रचना पुढें फार प्रसिद्धीस आली.

लिमिटेड-स्लिप किती मदत करतें, हें त्याच्या प्रमाणावर अवलंबून असतें. एखादें डिफरन्शियल कमी पकडीच्या चाकाच्या तिप्पट जोर दुसऱ्या चाकाला देऊं शकतें असें धरलें, तर वरील चढणीवर मागें ४५ व १३५ मिळून १८० आणि पुढचे ९०, म्हणजे बरोबर २७०. गाडी जेमतेम निघेल. लॉकची आणि याची बरोबरी नाहीं, हें येथें दिसून येतें. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. खडकाळ वाटेवर एक चाक जर हवेंत अधांतरीं उचललें गेलें, तर त्याची पकड शून्य. आणि शून्याची तिप्पट शून्यच. केवळ तिरप्या दांत्यांवर चालणारें डिफरन्शियल अशा वेळीं हात टेकतें. अमेरिकन लष्कराच्या हम्व्ही गाड्यांत पुढें-मागें टॉर्सन जातीचीं डिफरन्शियलें असत. चाक अधांतरीं झालें म्हणजे अॅक्सिलरेटर दाबलेला ठेवून ब्रेकवर हलकेंच पाय ठेवावा, असें त्यांच्या चालकांना शिकवीत. ब्रेकमुळें अधांतरीं चाकाला थोडा विरोध होई आणि त्या विरोधाच्या पटींत जोर जमिनीवरच्या चाकाकडे जाई.

त्या चालकाच्या पायाचें काम विजेच्या यंत्रणेकडे सोंपविलें, कीं तिसरा उपाय तयार होतो. आजच्या गाड्यांत प्रत्येक चाकाची गति मोजणारीं उपकरणें ब्रेकच्या यंत्रणेंत असतातच. एक चाक सुटून फिरूं लागल्याचें त्यांना कळतांच ती यंत्रणा फक्त त्याच चाकाचा ब्रेक दाबते. चिखलाऐवजीं ब्रेकचा विरोध मिळतो, आणि समान जोर वांटण्याच्या नियमानेंच दुसऱ्या चाकाला अधिक जोर मिळतो. डिफरन्शियल साधेंच राहतें. ही युक्ति स्वस्त, हलकी आणि सामान्य चालकाला कांहींही करावयास न लावणारी आहे. परंतु तिलाही किंमत आहे. आपल्या उदाहरणांत मागच्या उजव्या चाकाला १३५ चा जोर मिळवावयाचा, तर डाव्या बाजूस ४५ चिखलाचा व ९० ब्रेकचा विरोध उभा करावा लागतो. म्हणजे मागच्या दांड्याकडे इंजिनानें दिलेल्या २७० पैकीं एक तृतीयांश जोर ब्रेकशीं झगडण्यांत जातो. चाक आधीं घसरतें आणि मग ब्रेक लागतो, म्हणून क्षणभर उशीर होतो. लांब चिखलांत किंवा वाळूंत हें वारंवार झालें, म्हणजे ब्रेक तापतात. तरीही येथें एक मर्म लक्षांत ठेवण्यासारखें आहे : चालकानें अडखळून पाय काढूं नये, जोर सारखा ठेवावा, मगच यंत्रणेला आपलें काम करतां येतें.

आतां भारतांतील बाजाराकडे वळलें तर काय आढळतें? महिंद्र कंपनीची जी थार २०२० सालीं नव्या रूपांत आली, तिच्या कांहीं प्रकारांत मागच्या दांड्यावर ईटन कंपनीच्या बनावटीचें आपोआप लागणारें यांत्रिक लॉक दिलें गेलें. दोन चाकांच्या गतींत मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला कीं तें लागतें, आणि गाडीचा वेग वाढलेला असेल तर लागत नाहीं. २०२४ सालीं आलेल्या थार रॉक्सच्या चारही चाकें चालणाऱ्या प्रकारांत मागचें लॉक विजेच्या बटनावर चालतें. २०२३ च्या जूनमध्यें विक्रीस आलेल्या मारुति सुझुकीच्या पांच दारांच्या जिम्नींत यांत्रिक लॉक नाहीं. तेथें ब्रेकच्या साहाय्यानें चालणारी तिसरी युक्ति आहे, आणि जोडीला पुढें-मागें दोन्हीकडे अखंड अॅक्सल, ज्यामुळें उंचसखल जागीं चाकें जमिनीला धरून राहण्यास मदत होते. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडींत पुढें व मागें अशीं दोन स्वतंत्र लॉकें असून तीं चालकानें स्वतः लावावयाचीं असतात.

या यादींत एक गोष्ट मौजेची आहे. तिच्यांतील एकाही गाडींत शास्त्रशुद्ध अर्थानें यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल नाहीं. कोठें लॉक आहे, कोठें ब्रेक. 'लिमिटेड-स्लिप' हें नांव मात्र दुकानांत सर्रास वापरलें जातें. उलट 'ब्रेक लॉकिंग' हें नांव ऐकून कांहीं तरी जखडलें जात असावें असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत कांहींच जखडलें जात नाहीं. म्हणून नांवाच्या मागें न लागतां तीन उपायांपैकीं कोणता उपाय या गाडींत आहे, तो पुढें आहे कीं मागें, आणि तो आपोआप लागतो कीं बटनानें, एवढें विचारून घेतलें म्हणजे निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा घोळ गाडींत नसतो, घेणाऱ्याच्या वाटेंत असतो. हे तीनही उपाय नवी पकड निर्माण करीत नाहींत. एका चाकाजवळ असलेली पण वायां जाणारी पकड तेवढी ते वापरांत आणतात. म्हणून जेथें डाव्या व उजव्या चाकांच्या दैवांत मोठा फरक आहे, तेथेंच त्यांचा उपयोग. कोंकणांतील जांभ्याच्या वाटेवर एका बाजूला कठीण दगड व दुसऱ्या बाजूला पाण्यानें धुपून पडलेला चर असतो. तेथें एक चाक हमखास निराधार होतें. अशा जागीं लॉक म्हणजे देवच. परंतु मराठवाड्यांतील किंवा विदर्भांतील काळ्या मातीची पाणंद पहिल्या दोन पावसांनंतर पाहावी. ती माती चारही टायरांना सारखीच चिकटते, नक्षींतल्या खांचा बुजून टायर गुळगुळीत होतात, आणि प्रत्येक चाकाची शक्ति ४५ वरच येते. वरील चढणीवर तेथें लॉक लावलें काय किंवा न लावलें काय, बेरीज १८० च. अशा मातींत खोल नक्षीचे टायर, थोडी वाट पाहण्याचा धीर आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर हेच खरे सहायक. विक्रेता आणि शेजारी दोघेही खरें बोलत असतील असें आरंभीं म्हटलें, त्याचा अर्थ हाच. एकाच्या डोळ्यांपुढें जांभ्याची वाट असते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें डांबरी घाट किंवा काळी माती.

येथें जुन्या जीपची आठवण उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धांत जगभर फिरलेल्या विलीज जीपमध्यें पुढें-मागें साधींच डिफरन्शियलें होतीं. ती गाडी हलकी होती, तिच्याजवळ मंद गतीचा जादा गिअर होता, आणि कोणतें चाक कोठें ठेवावयाचें हें चालक खालीं उतरून आधीं पाहत असे. एवढ्या भांडवलावर तिनें वाळवंटें व चिखल तुडविले. यावरून लॉक निरुपयोगी ठरत नाहीं. परंतु क्रम कोणता असावा हें मात्र ठरतें. प्रथम चांगले टायर व त्यांतील हवेचा योग्य दाब, मग जमिनीपासून पुरेशी उंची, मग मंद गतीचा गिअर, मग चालकाचा अभ्यास, आणि त्यानंतर डिफरन्शियल. वाळूंत किंवा मऊ मातींत टायरांतली हवा तिशीवरून वीस पौंडांच्या आसपास उतरविली, तर टायराचा तळवा पसरतो आणि रुतणारी गाडी पुष्कळदां अलगद निघते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वीं ती पुन्हां भरून घ्यावी एवढेंच. पाचशें मैलांच्या प्रवासांत एक हवेचा पंप बाळगणें हें किती स्वस्त यंत्र आहे!

या उपायांच्या मागोमाग येणारे धोकेही सांगितले पाहिजेत. साध्या डिफरन्शियलच्या गाडींत ओल्या रस्त्यावर जास्त जोर दिला, तर मागचें एकच चाक सुटतें. दुसरें आपली पकड राखून गाडीची शेपटी सरळ ठेवतें. कडक लिमिटेड-स्लिप किंवा लॉक लागलें असतां दोन्ही चाकें एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग आडवा सरकतो. वाट जर एका अंगाला कलती असेल व त्या अंगाला दरी असेल, तर हें सरकणें प्राणाशीं गांठ घालूं शकतें. पुढच्या दांड्याचें लॉक लागलें म्हणजे सुकाणूचें चक्र जड होतें आणि गाडी वळण घेण्यास नाखूष होते. म्हणून लॉक हें अडचणीच्या चार पावलांपुरतें लावावें, वेग पायी चालण्याइतका असावा, आणि पक्की जमीन लागतांच काढावें. ज्या गाड्यांत पुढच्या व मागच्या दांड्यांमध्यें डिफरन्शियल नसतें, त्या कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांनीं चालवूं नयेत, हा नियमही याच कुळांतला आहे. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कोणतेंही डिफरन्शियल त्या पाण्याशीं सामना करूं शकत नाहीं. पाण्यानें उचललेल्या गाडीच्या चारही चाकांची पकड शून्य असते, आणि शून्यांची बेरीज कितीही यंत्रें लावलीं तरी बदलत नाहीं.

आतां निर्णयाकडे यावें. शहरांत राहणारें, वर्षांतून चार वेळां महाबळेश्वर-पन्हाळ्याकडे जाणारें आणि कधीं काळीं हिमालयाच्या वाऱ्या करणारें कुटुंब घेतलें, तर त्याचा जवळजवळ सर्व प्रवास डांबरी रस्त्यावरचा. कोठें एखादा उखडलेला तुकडा, कोठें गवतांत गाडी लावण्याची जागा, कोठें ओला चढ. यासाठीं ब्रेकवर चालणारी युक्ति पुरेशी आहे. केवळ यांत्रिक लॉकसाठीं जास्त किमतीचा प्रकार घेण्याऐवजीं तो पैसा उत्तम टायरांवर व एखाद्या दिवसाच्या चालनशिक्षणावर खर्चावा. त्याचा लाभ रोज मिळेल. समुद्रकांठीं वाळूंत गाडी पळविण्याची हौस हें तर लॉक घेण्याचें कारणच होऊं नये; गोव्यांत किनाऱ्यावर गाडी नेण्यास कायद्यानें बंदी आहे, इतरत्रही अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे, आणि भरतीचें पाणी कोणतेंही माहितीपत्रक वाचीत नाहीं.

दुसरें कुटुंब असें, कीं ज्याची आंब्या-काजूची बाग रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या एखाद्या डोंगरउतारावर आहे आणि पावसाळ्यांतही आठवड्याला तेथें जावेंच लागतें. वाटेचा शेवटचा मैल जांभ्याचा, एका अंगानें धुपलेला. येथें मागच्या दांड्याचें लॉक ही हौस नाहीं, गरज आहे. आणि तें कारखान्यांतूनच बसवून आलेलें घ्यावें. मागाहून बसविण्याचीं लॉकें मिळतात खरीं, परंतु त्यासाठीं अॅक्सल उघडून क्राऊन-पिनियनमधील जागा काटेकोरपणें जुळवावी लागते, चांगला कारागीर शोधावा लागतो, आणि कंपनीच्या हमीचा प्रश्न उभा राहतो. आज थोडें अधिक देणें हें उद्यां पुष्कळ अधिक देण्यापेक्षां बरें.

तिसरें गिऱ्हाईक म्हणजे खडकांतून, ओढ्यांतून गाडी काढणें हाच ज्याचा छंद आहे तें. त्याला चाक अधांतरीं होणें हा अपवाद नसून नित्याचा प्रकार असतो. त्यानें पुढें-मागें दोन्ही लॉकांचा विचार करावा, आणि लॉक हवें तेव्हां आधींच लावतां येतें कीं चाक घसरल्यावर आपोआप लागण्याची वाट पाहावी लागते, याचाही करावा. अमेरिकेंत जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारांत अशींच दोन लॉकें मिळतात. खरें लिमिटेड-स्लिप शोभतें तें चौथ्या, येथें विरळ अशा चालकाला, जो शक्तिमान गाडी खडीच्या लांब रस्त्यांवर वेगानें हांकतो. कारण त्या वेगाला लॉक चालत नाहीं आणि ब्रेकची युक्ति अपुरी पडते. त्यानेंही एवढें ध्यानांत ठेवावें, कीं घासपट्ट्यांचें डिफरन्शियल कालांतरानें झिजतें व त्याला त्याच्यासाठींच केलेलें तेल लागतें.

आपण यांपैकीं कोण, हें ठरविण्यासाठीं पैसे भरण्यापूर्वीं कुटुंबानें एक साधी गोष्ट करावी. गेल्या दोन पावसाळ्यांत आपली गाडी, किंवा ज्या गाडींतून आपण गेलों ती गाडी, कोठें कोठें अडली त्या जागा आठवून कागदावर लिहाव्या. प्रत्येक जागेपुढें एकच प्रश्न विचारावा : त्या वेळीं एका बाजूचीं चाकें चांगल्या जमिनीवर होतीं काय? होतीं, असें उत्तर वारंवार आलें, तर लॉकसाठीं पैसे द्यावे. चारही चाकें सारखींच रुतलीं होतीं असें उत्तर आलें, तर टायर बदलावे. आणि कागद कोराच राहिला, तर विक्रेत्याला नम्रपणें नकार देऊन साधा प्रकार घरीं आणावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.